शुद्धिपत्रनवीस

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस, जाहिरातींच्या आधी आणि पुठ्ठ्याच्या किंचित अलीकडे, ‘शुद्धिपत्र’ या नावाचे एक पान असे. त्यावर पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने पाडून ग्रंथकर्ता आपल्या अपराधांची जी यादी वाचकापुढे नम्रपणे सादर करी, ती वाचण्याचे कष्ट ज्याने कधी घेतले असा वाचक माझ्या पाहण्यात नव्हता. ग्रंथ वाचणारे पुष्कळ भेटले, न वाचता त्यावर अभिप्राय देणारे त्याहून पुष्कळ. परंतु शुद्धिपत्र उघडे ठेवून, टोकदार पेन्सिलीने प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करून मगच पहिल्या प्रकरणाला हात घालणारा मनुष्य ही केवळ ग्रंथकर्त्यांची कविकल्पना असावी, अशी माझी समजूत होती. पुढे खिळे जुळवणारे गेले, गॅली प्रुफे गेली, मुद्राराक्षस नावाचा जो एक सर्वांना सोयीचा आरोपी छापखान्यात बाराही महिने हजर असे तोही निवृत्त झाला, आणि त्यांच्याबरोबर ही कविकल्पनाही कालवश झाली असे मी धरून चाललो. हा समज तीन वर्षांपूर्वी, आमच्याच सोसायटीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीच्या नोटिशीपुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी दूर केला.

नोटीस सेक्रेटरींनी स्वहस्ते लिहिली होती आणि तिचा मजकूर इतकाच होता की, टाकीच्या सफाईमुळे बुधवारपर्यंत पाणी येणार नाही. साठ बिऱ्हाडांतली माणसे ती येताजाता वाचत होती आणि कपाळाला आठ्या घालून बादल्या भरायला वर जात होती. हे गृहस्थ मात्र एखाद्या शिलालेखापुढे संशोधक उभा राहावा तसे तिथे उभे होते. माझी चाहूल लागताच ते वळून म्हणाले, “काका, यात बुधवार धरलाय की सोडलाय?” ते सेक्रेटरींनाच विचारायला हवे, असे मी म्हणालो. “विचारलं,” ते खिन्नपणे म्हणाले, “ते म्हणतात, लोकांना कळतं.” जगातील यच्चयावत अनर्थांचे मूळ या दोन शब्दांत आहे, असा त्यांचा चेहरा होता. पाणी आले गुरुवारी. बुधवार सोडलेला आहे असे ज्या निम्म्या सोसायटीला आपोआप कळले होते ती बुधवारी सकाळी बादल्या वाजवीत सेक्रेटरींच्या दारात उभी होती, आणि त्या गर्दीच्या कडेला हे गृहस्थ, ज्याचा इशारा आधीच देऊन झाला आहे अशा माणसाच्या समाधानाने, हात मागे बांधून फेऱ्या मारीत होते.

त्यांचे नाव सांगून उपयोग नाही. ते एकटे दिसत असले तरी एक मोठी जमात आहेत, आणि त्या जमातीची माणसे पुण्यात आहेत तशी ब्राझीलमध्ये, जपानात, पोलंडातही आहेत. एकमेकांचे तोंड त्यांनी पाहिलेले नसते, पण एकमेकांचे स्वल्पविराम ती ओळखतात. पेशव्यांच्या दफ्तरी फडणीस असत, चिटणीस असत, पारसनीस असत. फारसीतल्या ‘नवीस’ म्हणजे लिहिणाऱ्यावरून आलेली ती सारी पदे आज आडनावांपुरती उरली आहेत, म्हणून त्याच चालीवर एक नवे वतन निर्माण करून मी या गृहस्थांना शुद्धिपत्रनवीस म्हणतो. वतन आहे, त्याला उत्पन्न मात्र नाही.

पोटापाण्यासाठी ते हिंजवडीला एका कंपनीत जातात. तिथे काय करतात हे त्यांनी मला दोनदा सांगितले, आणि दोन्ही वेळा सांगता सांगता त्यांनाच जांभई आली. खरे काम रात्री साडेदहाला सुरू होते. जेवणे झालेली, मुलगी झोपलेली, वहिनींची मालिका संपलेली. मग जेवणाच्या टेबलाचा जो कोपरा पुसून कोरडा झालेला असतो तिथे ते संगणक मांडतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, आणि जगातल्या कुठल्या तरी लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन पहिल्या पानापासून वाचायला घेतात – कादंबरी वाचावी तसे नव्हे, हुंडी तपासावी तसे.

लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे, एवढे समजायला मला एक महिना लागला, आणि त्या महिन्यात मी त्यांच्याकडे दोनदा जुन्या दिवाळी अंकांची चौकशी केली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दर वेळी कणीक तिंबत बसावे लागू नये म्हणून दुसऱ्या कोणी लाटून, भाजून, घडी घालून ठेवलेल्या पोळ्या ज्या पोळीभाजी केंद्रात मिळतात, ते केंद्र म्हणजे लायब्ररी. आणि कुठली पोळी कशाची, किती जणांना पुरेल, कशाबरोबर खावी आणि कशाबरोबर खाल्ल्यास पोट बिघडेल, हे सांगणारी जी चिठ्ठी डब्यावर डकवलेली असते ते तिचे डॉक्युमेंटेशन. पोळी चांगली झाली तर लाटणाऱ्याची वाहवा होते. चिठ्ठी कोणी लिहिली हे कोणी विचारत नाही. आणि त्या चिठ्ठीवर ‘ज्वारी’च्या जागी ‘ज्वरी’ पडलेले पाहून ज्याला अर्धी रात्र झोप येत नाही, तो आमचा शुद्धिपत्रनवीस.

या व्यवसायातली खरी गंमत अशी आहे की, चिठ्ठी चुकली म्हणून पोळी बिघडत नाही. यंत्राला तिच्यातले अक्षर कळत नाही. उदाहरणे करून पाहणारे आणि उत्तर चुकले तर बोंब ठोकणारे डॉकटेस्ट नावाचे एक साधन पायथॉन भाषेत २००१ सालापासून आहे, परंतु उदाहरणाच्या वरचे वाक्य संपूर्ण खोटे असले तरी त्या साधनाला त्याचे सुखदुःख नसते. माणसांची गोष्ट तर विचारूच नये. माणूस डॉक्युमेंटेशन वाचतो तो पंचांग पाहावे तसा, म्हणजे अडल्यावेळी, बोटाने ओळ शोधीत, आणि मुहूर्त सापडताच पान मिटून. यंत्र वाचीत नाही, माणूस वाचीत नाही. तेव्हा अथपासून इतिपर्यंत, तळटिपांसह, ज्या फंक्शनाचा आपल्याला आमरण उपयोग पडणार नाही त्याचीही माहिती वाचणारा या भूतलावर एकच प्राणी उरतो, आणि तोही ज्ञानासाठी वाचत नसून सावजासाठी वाचत असतो.

त्यांचे म्हणणे असे की, सावज लहान असले तरी चावते. पायथॉनमध्ये रेंज नावाच्या फंक्शनाकडे एक ते दहा मागितले असता ते एकपासून नऊपर्यंतच आकडे हाती ठेवते आणि दहाला उंबऱ्याबाहेर उभे करते. त्याच भाषेत, त्याच घरात वाढलेले रँडइंट मात्र एक ते दहा म्हटले की दहालाही पंगतीला घेते. दोघांच्या वागणुकीत खोड काहीच नाही, ज्याची त्याची रीत. परंतु पाहुण्याला ती रीत सांगणारा एक शब्द, ‘धरून’ किंवा ‘सोडून’, चिठ्ठीतून गळला की कुठेतरी एखाद्या सोडतीत शेवटच्या क्रमांकाच्या माणसाचे नाव निघणे कायमचे अशक्य होते, आणि तो बिचारा आपल्या ग्रहांना दोष देत बसतो. हे उदाहरण ऐकल्यावर मला प्रथमच सेक्रेटरींच्या नोटिशीचा राग आला.

सावजांचेही प्रकार आहेत. एकच शब्द लागोपाठ दोनदा पडलेला असतो, आणि तो ओळीच्या शेवटी एकदा व पुढच्या ओळीच्या आरंभी एकदा पडला असल्यामुळे डोळा त्यावरून घसरतो. हे त्यांच्या लेखी चिमणीची शिकार, ती ते डाव्या हाताने करतात. इंग्रजीतले ‘इट्स’ हे अपॉस्ट्रॉफीसहित असावे की विरहित, हा त्याहून वरचा दर्जा. मृत दुवे म्हणजे तर गावच उठून गेलेल्या गावाकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या. पण ज्याला मोठे जनावर म्हणतात ते वेगळे : डॉक्युमेंटेशन सांगते की अमुक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत तर ती ‘नाही’ धरली जाईल, आणि आतला कोड उघडून पाहावे तर तिथे सहा वर्षांपूर्वीच कोणीतरी तिला ‘होय’ करून ठेवलेले असते. असे काही हाती लागले म्हणजे शुद्धिपत्रनवीस उठून स्वतःसाठी चहा करतात.

परंतु त्यांच्या अंतःकरणाला खरा जिव्हाळा आहे तो क्रियापदाचा. पायथॉनच्या कारभारात ‘पेप’ नावाची क्रमांकित आज्ञापत्रे निघत असतात, आणि त्यांतील २५७ क्रमांकाचे, २००१ साली निघालेले आज्ञापत्र असे सांगते की, फंक्शनाच्या माथ्यावर त्याच्या कामाची जी एक ओळ लिहावयाची ती वर्णन म्हणून लिहू नये, हुकूम म्हणून लिहावी, आणि तिच्या शेवटी पूर्णविराम द्यावा. म्हणजे ‘बेरीज देतो’ असे नव्हे, ‘बेरीज दे.’ या एका भेदावर आमच्या गृहस्थांनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली आहेत. ‘देतो’ म्हणणारे फंक्शन त्यांना बढाईखोर वाटते. ज्याला ‘दे’ म्हणून दटावले आहे ते पायाशी अदबीने उभे असलेले दिसते. मी एकदा म्हणालो की, दोहोंचा अर्थ तर एकच. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, तसे पूर्वी आमचे संस्कृतचे मास्तर आत्मनेपदी धातू परस्मैपदात चालवणाऱ्याकडे पाहत.

चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त झाली, असे मात्र समजू नये. एक अक्षर बदलण्यासाठी आधी मूळ दफ्तराची स्वतःपुरती नक्कल काढावी लागते, त्या नकलेला एक फांदी फुटवावी लागते, फांदीवर बदल नोंदवून त्याचा गोषवारा, पुन्हा आज्ञार्थातच, लिहावा लागतो, आणि मग मूळ दफ्तराच्या कारभाऱ्यांकडे ‘पीआर’ या नावाचा अर्ज दाखल करावा लागतो की, कृपावंत होऊन हे अक्षर आपल्या पदरी घ्यावे. पहिल्याच खेपेचा अर्जदार असेल तर काही ठिकाणी त्याच्याकडून करारनामा लिहून घेतात. आमच्या गृहस्थांनी आजवर केवळ अर्धविराम आणि जोडरेघा यांवरील हक्कांबाबत निरनिराळ्या संस्थांशी जे करार केले आहेत, त्यांची बाडे छापून काढली तर एखाद्या मध्यम आकाराच्या जहागिरीचे कागद वाटतील. अर्ज दाखल होताच यंत्रांचा ताफा जागा होतो, आणि एक स्वल्पविराम शब्दाच्या डावीकडून उजवीकडे गेला म्हणून पुष्कळ ठिकाणी लिनक्स, मॅक आणि विंडोज अशा तिन्ही राज्यांत लायब्ररीच्या हजारो चाचण्या पुन्हा सुरुवातीपासून घेतल्या जातात. त्या उत्तीर्ण झाल्या की हिरवी खूण उमटते. स्वल्पविरामाने काही मोडले नाही, हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध झालेले असते.

हा सारा खटाटोप मला प्रथम हास्यास्पद वाटला होता. पण आपल्याच इतिहासातली दंतकथा अशी की, १७७३ साली कोणी एका कागदातल्या ‘धरावे’ मधला ‘ध’ खोडून तिथे ‘मा’ केला, आणि शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला. दंतकथा खरी असो वा नसो, त्या कागदाचा तो बदल पुढे रवाना होण्यापूर्वी आणखी दोघा तटस्थ माणसांच्या नजरेखालून जावा, जुने अक्षर तांबड्यात आणि नवे हिरव्यात समोरासमोर दिसावे, व बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ कायमची नोंदली जावी, अशी तजवीज त्या काळी असती तर मराठी भाषेतला एक वाक्प्रचार कमी झाला असता एवढे खरे. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट नावाची जी व्यवस्था रचली, तिच्यात ‘ध’ चा ‘मा’ करता येतो. लपवून मात्र करता येत नाही.

अर्जाची पुढची भिस्त मेंटेनरवर. मेंटेनर म्हणजे या संस्थानाचा मामलेदार. तो बहुधा बिनपगारी असतो आणि त्याच्या टेबलावर नेहमी चारशे अर्ज तुंबलेले असतात. अर्ज स्वीकारला गेला म्हणजे ‘मर्ज’ झाला म्हणतात, आणि तो मर्ज सर्वस्वी मेंटेनरच्या मर्जीवर असतो, ही कोटी माझी नसून शुद्धिपत्रनवीसांची आहे व ती त्यांनी मला अकरा वेळा ऐकवली आहे. काही मेंटेनर चार मिनिटांत मंजुरी देतात आणि वर ‘एलजीटीएम’ अशी चार अक्षरांची मखलाशी करतात. तिचा अर्थ ‘मला ठीक दिसते’ एवढाच असला तरी त्या रात्री आमच्या गृहस्थांच्या घरातला दिवा उशिरापर्यंत चालू असतो. काही दोन दोन वर्षे दखल घेत नाहीत. आणि काही असे निघतात की, आपण दुरुस्त केलेल्या शब्दाच्या शेजारचा शब्दही बदलावा अशी बारीकशी सूचना, ‘निट’ या शीर्षकाखाली, म्हणजे मूळ अर्थाने लीख म्हणून, करतात. समानशीलाची ती गाठ पडली की एका वाक्यावर सत्तावीस पत्रांचा व्यवहार होतो आणि मूळ लायब्ररी बाजूला राहते.

पायथॉनच्या दफ्तरात अशा किरकोळ कामांवर ‘स्किप न्यूज’ असा शिक्का मारण्याची चाल आहे. म्हणजे, झाले ते ठीक, पण याची बातमी देऊ नये. ज्या शहरात एखाद्याने नळाचे उद्घाटन केले तरी चौकात त्याचा पंधरा फुटी फलक लागतो, त्या शहरात राहून मनुष्याने आपल्या प्रत्येक कृत्यावर ‘बातमी देऊ नये’ असा शिक्का गोळा करीत बसावे, हे मला त्यांच्यातले सर्वात विलक्षण वाटते. तरी ते संपूर्ण विरक्त आहेत असेही नाही. नमपाय नावाच्या लायब्ररीची नवी आवृत्ती निघते तेव्हा हातभार लावणाऱ्यांची नावे प्रसिद्ध होतात आणि प्रथमच आलेल्याच्या नावापुढे अधिकचे चिन्ह असते. ते चिन्ह ज्या पानावर त्यांच्या नावापुढे पडले ते पान छापून, चौकटीत घालून, त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला लावले आहे. बाहेर का नाही, असे विचारता ते म्हणाले, “लोक विचारतील, तुम्ही नक्की काय केलंत म्हणून.” त्यांनी ‘सेपरेट’ या शब्दातला ‘ई’ काढून ‘ए’ घातला होता.

ऑक्टोबर महिना त्यांना सोसत नाही. २०१४ पासून त्या महिन्यात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उत्सव भरतो. खुल्या प्रकल्पांकडे ठरावीक अर्ज करावेत आणि शर्ट घेऊन जावा, अशी त्याची मूळची रीत. हेतू शुद्ध होता. पण २०२० साली, चार अर्जांना एक शर्ट या भावाने, जी झुंबड उडाली तिच्यात कित्येकांनी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ‘उत्तम प्रकल्प’ असे एखादे विशेषण डकवून त्यालाच दुरुस्ती म्हणून पुढे केले, आणि मेंटेनर इतके हैराण झाले की पहिल्या काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी आपणहून संमती दिली त्यांच्याच दारी जाण्याची अर्जदारांना ताकीद द्यावी लागली. वारीत खिसेकापू शिरले म्हणून खऱ्या वारकऱ्याचीही झडती व्हावी, तसे आमच्या गृहस्थांचे झाले : जोडरेघेचा एक अत्यंत प्रामाणिक अर्ज त्या आठवड्यात कुठल्याशा मेंटेनरने एका शब्दानिशी बंद केला, आणि तो शब्द ‘स्पॅम’ होता. आदल्या कुठल्या वर्षी रीतसर मिळालेला एक शर्ट त्यांच्यापाशी आहे. त्या दिवसापासून तो ते उलटा घालतात, आणि तेही कुंड्यांना पाणी घालण्यापुरताच.

त्यांच्या देवघरात एकच मूर्ती आहे, डोनाल्ड क्नूथ यांची. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध करणाऱ्या या विद्वानाने आपल्या पुस्तकांतली चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवण्याचा परिपाठ ठेवला; कारण २५६ सेंट म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत मोजलेला एक डॉलर. ते धनादेश वटवण्यापेक्षा भिंतीवर लावण्याकडेच लोकांचा कल, आणि मिरवण्याच्या हौसेत खाते क्रमांकही जगजाहीर होऊ लागले, तेव्हा २००८ मध्ये क्नूथ यांनी खऱ्या बँकेला रामराम ठोकून ‘बँक ऑफ सॅन सेरिफ’ची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. सॅन सेरिफ हा बेटांचा देश ‘गार्डियन’ने १९७७ च्या १ एप्रिलला वाचकांना बनवण्यासाठी निर्माण केलेला, म्हणजे ती बँकही पृथ्वीवर नाही. चूक दाखवणाऱ्याला पैसे द्यावेत, तेही मोजून-मापून, आणि तेही अस्तित्वात नसलेल्या बँकेचे, यात शुद्धिपत्रनवीसांना जगातील न्यायाची पराकाष्ठा दिसते. सदर ग्रंथाचा पहिला खंड त्यांनी दोन वेळा वाचला. चूक सापडली नाही, म्हणून तो त्यांना नीट समजला नाही असे ते मानतात.

मूर्ती आहे तशा दोन भळभळत्या जखमाही आहेत. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की ‘मी अमक्याकडून आलो’ असे सांगणारी जी ओळ ब्राउझर पाठवतो, तिचे नाव ‘रेफरर’. आणि त्या इंग्रजी शब्दातला एक ‘आर’ गाळून तो १९९६ च्या मानकपत्रात जसा छापला गेला, तसाच तो आजतागायत चालला आहे, कारण दुरुस्त करावा तर उभ्या जगाचा व्यवहार मोडेल. दुसरी जखम युनिक्स या संगणकप्रणालीची. फाईल निर्माण करण्याच्या आज्ञेचे नाव तिथे ‘क्रिएट’, परंतु शेवटच्या ‘ई’विना, आणि युनिक्स पुन्हा रचायचे झाले तर काय बदलाल असे विचारले असता, त्याचे एक कर्ते केन थॉम्पसन यांनी तो ‘ई’ घालीन असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. ही हकीकत सांगताना आमच्या गृहस्थांचा आवाज कापतो. चूक ठाऊक आहे, ती करणारा कबूल करतो आहे, आणि तरी कोणाला हात लावता येत नाही.

हे सारे रक्तातून आले असावे. त्यांचे आजोबा पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि जन्मभर जीव लावून जागच्या जागी बसवलेले अनुच्चारित अनुस्वार एका सरकारी मंजुरीने उडाले, त्यानंतर म्हणे त्यांचे जेवणावरचे लक्ष गेले. नातवाने मात्र शुद्धतेचे क्षेत्रच बदलले. लिनक्सच्या कर्नेलबरोबर शब्दांच्या चुकांची एक फाईल नांदते. तिच्यात दर ओळीला डाव्या बाजूस अशुद्ध शब्द, मध्ये दोन उभ्या रेघा, आणि उजव्या बाजूस शुद्ध. ती फाईल त्यांनी मला एका रात्री मुद्दाम वर बोलावून दाखवली. माझ्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याच्या अलीकडचे ते पान उभे राहिले, फक्त पृष्ठ आणि ओळ हे रकाने गेलेले, कारण ते आता यंत्र स्वतः शोधते. मी भारावलेला पाहून त्यांनी आणखी एक चमत्कार दाखवला : पायथॉनला मराठी आकड्यांत ‘४२’ लिहून दिले आणि संख्या करायला सांगितली, तर त्याने काही कुरकुर न करता ती करून दिली. “हे डॉक्समध्ये नीट लिहिलेलं आहे का?” मी विचारले. “लिहिलेलं आहे,” ते म्हणाले. आणि मला वाटले, थोडे नाराजीनेच म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात, रात्री साडेअकराला, त्यांनी माझी बेल वाजवली. चेहरा असा की मी आधी डॉक्टरचा नंबर शोधू लागलो. कुठल्याशा लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनात एक वाक्य होते की, अमुक एक वस्तू एकाच वेळी अनेक कामांकडून वापरून घेणे आता सुरक्षित आहे. आणि आतला कोड वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले होते की तिथे ना कडी आहे ना कोयंडा, ती तशी वापरणे सुरक्षित मुळीच नाही. इंग्रजीत ‘आता’ साठी ‘नाऊ’ आणि ‘नाही’ साठी ‘नॉट’, आणि दोन्ही शब्दांत फरक शेवटच्या एका अक्षराचा. लिहिणाऱ्याला ‘नॉट’ म्हणायचे होते, बोट घसरले होते, आणि ती चिठ्ठी पावणेदोन वर्षे डब्यावर डकवलेली होती. “काका,” ते म्हणाले, “ध चा मा.” अकरा वर्षे चिमण्या मारीत आलेल्या माणसापुढे शेवटी वाघ आला होता.

रात्रभर ते झोपले नाहीत. कोड तीन वेळा वाचला, दोन कामे एकदम लावून ती वस्तू मोडून दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला, अर्जाचा गोषवारा आज्ञार्थात असल्याची खात्री केली, आपल्या पत्रात एकही चूक नाही हे पाहण्यासाठी ते मोठ्याने वाचले – वहिनींनी ते आतून ऐकले – आणि पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी अर्ज दाखल केला. सहा वाजता मेंटेनरचा शेरा आला. अत्यंत सभ्य होता : आभार, परंतु याच ओळीच्या दुरुस्तीचा दुसरा अर्ज वीस मिनिटे आधी येऊन मंजूरही झालेला आहे, सबब आपला अर्ज पुनरुक्त म्हणून निकालात काढत आहोत. पावणेदोन वर्षे ज्या वाक्याकडे कोणी पाहिले नाही, त्याकडे एकाच रात्री, पृथ्वीच्या दुसऱ्या कुठल्या तरी जेवणाच्या टेबलावरून, आणखी कोणीतरी पाहत होते.

मी सकाळी सांत्वनाला गेलो. ते टेबलाच्या त्याच कोपऱ्यात बसलेले, चष्मा कपाळावर, समोर गार झालेला चहा. काय बोलावे या विचारात मी खुर्ची ओढली, तेवढ्यात त्यांनी चष्मा नाकावर आणला, त्या अनोळखी माणसाने केलेली दुरुस्ती तांबड्या-हिरव्यात उघडली, आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन ओळीच्या शेवटावर बोट ठेवले. घाईत त्याने वाक्य नव्याने टंकले होते, आणि टंकताना त्याच्याकडून पूर्णविराम राहिला होता.

“बसा काका,” ते म्हणाले, “पाच मिनिटं.”

तो अर्ज नऊ दिवसांनी मंजूर झाला.